शेवट ठाऊक असलेली माणसं

माझ्या आत्याला कॅन्सर झाला हे आमच्या घरात आधी थोरल्या काकांना कळलं, मग माझ्या वडिलांना, मग आईला, काकूला, मला, पुण्यातल्या चुलतभावाला, त्याच्या होणाऱ्या सासऱ्याला आणि काकूच्या माहेरी कोपरगावला कुणाकुणाला. ज्या बाईच्या पोटात तो होता तिला मात्र अल्सर झाला होता. हे लिहिताना आजही माझी मूठ वळते. वळू दे. शांतपणे लिहायचं असतं तर मी लिहायला बसलेच नसते.

आधी आत्या कोण होती ते सांगते, म्हणजे राग कशाचा ते कळेल.

बेलापूरला आमच्या घराची पुढची खोली रस्त्याला लागून आहे. तिथं आत्याचं शिलाई मशीन. अर्ध्या गावातल्या बायकांची मापं तिच्या डोक्यात होती. तरुणपणी तिला श्रीगोंद्याकडं दिली होती. तीन महिन्यांनी ती एक पिशवी घेऊन एकटी एसटीनं परत आली. नवरा मारत नव्हता, पीत नव्हता. माणूस पटला नाही, एवढंच तिनं सांगितलं. न पटणं हे कारण आमच्या घरात तेव्हा कारणांत धरत नव्हते, अजूनही धरत नाहीत. आजोबांनी तिला दोनदा परत पोचवली, दोनदा ती परत आली. तिसऱ्यांदा आजोबाच थकले आणि त्यांनी मशीन आणून दिलं.

लॉकडाऊनमध्ये मी पुण्याहून घरी आले ती लॅपटॉप घेऊन. मी अ‍ॅनिमे बघायचे, म्हणजे जपानी कार्टून मालिका. आत्या मागं बसून ब्लाउजांना हुक लावायची. एक दिवस तिनं विचारलं, "ही मानसं कोन्त्या भाषेत भांडत्यात गं?" मी सांगितलं. मग म्हणाली, "आन् ही पोरगी रडती कशापायी?" ते सांगायला मला आधीचे भाग सांगावे लागले. दुसऱ्या दिवशी तिनं हुकांचं काम माझ्या शेजारी आणून मांडलं. खालच्या इंग्रजी ओळी मी मराठीत वाचून दाखवायचे. वर्षभरात निम्म्या ओळी तिला वाचून दाखवाव्या लागेनात. कान तयार झाला होता.

भाषेपेक्षाही तिला आवडली ती बघणाऱ्यांची बोली. जपानात या मालिका वर्षातून चार हंगामांत येतात. एका हंगामाच्या बारा-तेरा भागांना तिथं कूर म्हणतात. काही मालिका एका कूरमध्ये संपतात, काहींना पुढचा मिळतो. "म्हंजी खरीप-रब्बीवानीच की," आत्या म्हणाली, आणि विषय संपला. चालू हंगाम म्हणजे कोन्की, पुढचा येणारा राइकी. तीन भाग बघून मालिका सोडून देणं म्हणजे सान्वागिरी. हा शब्द ऐकून ती मशीनवर डोकं टेकवून हसली. दादागिरी ऐकली होती, गांधीगिरी ऐकली होती, ही नवीनच गिरी. आणि नुसतं पोस्टर बघूनच नाव टाकलं तर ती झेरोवागिरी, शून्य भागात सोडलेली.

"माझं लगीन म्हंजी एका कूरचं," ती एकदा काकूसमोरच म्हणाली. "तीन महिने बघितलं, सोडलं." काकू उठून आत गेली. काकू पाहुण्यांना सांगायची, आमच्या वन्संना म्हातारपणी कार्टूनचं याड लागलंय. आत्याला पन्नाशी उलटली होती, पण म्हातारपण तिला काकूनं बहाल केलं होतं.

मला श्रीरामपुरात फ्लेक्सच्या दुकानात डिझाइनचं काम मिळालं, तशी मी तिला आमच्या ग्रुपमध्ये घेतलं. नगर जिल्ह्यातल्या आमच्यासारख्यांचा मोबाईलवरचा ग्रुप. बोर्डावर अहिल्यानगर झालं तरी आमच्या तोंडात नगरच. एकजण श्रीगोंद्याच्या साखर कारखान्यात होता, तो गळिताच्या दिवसांत गायब व्हायचा आणि पट्टा पडला, म्हणजे कारखाना बंद झाला, की सगळं एका दमात बघायचा. एकाला खर्ड्याला घरात रेंज नव्हती, तो किल्ल्याजवळ जाऊन भाग उतरवून घ्यायचा. आत्या कोण, किती वयाची, हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. आपण घरात तिला इतकी वर्षं काय काय विचारलं होतं, ते आठवून मला या पोरांचं कौतुक वाटतं.

यातल्या बऱ्याच मालिका आधी छापील पुस्तकांतून आलेल्या असतात. त्या मूळ पुस्तकाला गेन्साकु म्हणतात, आणि ज्यांनी ते वाचलेलं असतं त्यांची एक जमात असते, गेन्साकुगुमी. कोण मरणार, कोण उलटणार, शेवट काय, सगळं त्यांना आधीच ठाऊक असतं. आणि जो काहीच न कळता पहिल्यांदा बघत असतो तो शोकेन. गेन्साकुगुमीनं तोंड मिटून बसायचं आणि शोकेनला बघू द्यायचं, ही रीत. संगमनेरच्या एका शहाण्यानं एकदा भाग यायच्या आधीच नायक मरतो असं लिहून टाकलं. आत्यानं त्याला ग्रुपवर असं झाडलं की तो स्वतःच निघून गेला.

पण तिनं त्याच दिवशी दुसरा मुद्दाही काढला. काही लोक शोकेनला मुद्दाम फसवायचे. नायकाला काही होत नाही, बघ बिनधास्त, असं सांगायचे, आणि मग भाग आला की हसायचे. आत्याला हे जास्त घाण वाटलं. तिनं ग्रुपवर लिहिलं, ते सगळ्यांनी नियम म्हणून वर चिकटवून ठेवलं: "न इचारता सांगायचं न्हाई. आन् कुनी सरळ इचारलं तर खोटं बोलायचं न्हाई. बाजूला घेऊन खरं सांगायचं." लोक तो पाळायचे. कार्टून बघणारी, घरच्यांच्या मते वाया गेलेली ती पोरं तो नियम पाळायची.

दिवाळीनंतर आत्याचं जेवण तुटलं. पाठ दुखायची. डोळे पिवळे झाले, म्हणून कुणीतरी काविळीचं झाडपाल्याचं औषध आणलं. मग श्रीरामपूर झालं, आणि श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी नगरला पाठवलं. तिथं तपासण्या झाल्या. काका आणि वडील डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले. आई आणि काकू खाली बिलाच्या रांगेत होत्या, आत्या आणि मी बाहेर खुर्च्यांवर बसलो होतो. ती राइकीची पोस्टरं बघत होती आणि एकेक झेरोवागिरी करत होती. हा नको, हा नको, ह्या पोरीचं डोळं बघ किती मोठं, हीबी नको.

केबिनमध्ये काय झालं ते वडिलांनी मला नंतर सांगितलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. बरा होणारा नाही. काही केलं नाही तर तीनेक महिने. किमो दिली तर थोडे वाढतील, पण त्रास होईल. मग डॉक्टरांनी विचारलं, पेशंटला सांगायचंय का? विचारलं हे त्या माणसाचं चांगलंच म्हणायचं. काका म्हणाले, "नको. लई भित्री हाय ती."

भित्री. सासर सोडून एकटी एसटीत बसलेली बाई भित्री. बाप दोनदा परत पोचवतो आणि दोनदा उलट येते ती भित्री. मला वडिलांनी हे सांगितलं तेव्हा मी दवाखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर उभी होते. मी म्हटलं, तुम्ही काय बोललात? वडील म्हणाले, "थोरल्याच्या पुढं काय बोलायचं?" हे माझ्या वडिलांचं आयुष्यभराचं वाक्य आहे.

आत्या आत खुर्चीवर असताना काकांनी त्या टपरीवरच आम्हा सगळ्यांना गळ्याची शपथ घातली. अल्सर हाय म्हणायचं. धीर खचला की मानूस जातं. मी म्हटलं, काका, तिचं शरीर आहे, तिला ठरवू द्या. काकू म्हणाली, "आन् माघात पोराचं लगीन हाय त्याचं काय? लग्नघरात रडारड करायची का?" तेव्हा मला कळलं की धीर कुणाचा आणि खचायचं काय होतं. धीराच्या गोष्टी पुढं लावायच्या आणि मांडवाचं काम मागून करून घ्यायचं. काकांच्या मनात कपट नव्हतं, हे मला मान्य आहे. बहिणीवर त्यांचा जीव होता. पण जीव आहे म्हणून तोंडावर खोटं बोलायचा परवाना मिळतो, हे कुठल्या कायद्यात लिहिलंय?

मग किमो सुरू झाली. तिचं नाव ठेवलं ताकदीचं सलाईन. ताकदीचं सलाईन घेतल्यावर आत्या चार-चार दिवस उलट्या करायची. तोंड आतून सोलून निघायचं, पाणी गिळवायचं नाही. फणीत केस यायला लागले. काकू म्हणायची, "अल्सरची औषधं गरम पडत्यात वन्सं." आत्या काकूकडं बघायची, मग माझ्या आईकडं, मग माझ्याकडं. मी मान खाली घालायचे. शपथ काकांची होती आणि मान माझी.

घरात अशी नाटकं चालली होती की विचारू नका. भेटायला येणारे ओठावर हसू चिकटवून यायचे. अमक्याच्या मेहुण्याला असाच अल्सर होता, आता ट्रॅक्टर चालवतो. बाहेर ओसरीवर मात्र हळू आवाजात, किती दिवस दिलेत डॉक्टरांनी? ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं नुसती. आणि मधे पडद्याचं एक कापड. आत्याचे कान काही अल्सरनं गेले नव्हते.

आमच्या बोलीत साकुगा होकाई म्हणून एक शब्द आहे. चित्रं काढणाऱ्यांना वेळ पुरला नाही की शेवटच्या भागांत पात्रांचे चेहरे वेडेवाकडे येतात, एक डोळा वर एक खाली. चित्रकाम कोसळलं, असा अर्थ. आत्यानं एके सकाळी आरशात बघितलं, टक्कल पडायला आलेलं डोकं, आत गेलेले गाल, आणि मला म्हणाली, "साकुगा होकाई झाली बघ." मी हसले आणि मग न्हाणीघरात जाऊन बादलीला लाथ मारली. पाय सुजला. काकू म्हणाली, काय पडलं गं? मी म्हटलं, अल्सर पडला.

तिसऱ्या सलाईनला आम्ही नगरला गेलो तेव्हा खोलीत काका होते, काकू होती, वडील होते, आणि काकूचे कोपरगावचे भाऊ नारळपाणी घेऊन आले होते. दुपारची वेळ. सिस्टर बाटली टांगत होती. गप्पा लग्नाच्या चालल्या होत्या, मंडपवाला, आचारी, बँड का डीजे. आत्या उशाला टेकून बसली होती. तिनं मला जवळ बोलावलं.

"एक इचारायचं हुतं," ती म्हणाली. "हे जे चालू हाय ते एकाच कूरचं हाय का राइकीबी हाय?"

मला वाटलं मालिकेबद्दल विचारतेय. मी म्हटलं, कुठलं?

"ज्याचं गेन्साकु तुमी सगळ्यांनी वाचलंय ते."

तिचा मोबाईल पिशवीत होता. ती माझ्याकडं बघत होती आणि तिचा चेहरा अगदी साधा होता, माप घेताना असायचा तसा. काका एका हाताच्या अंतरावर आचाऱ्याच्या माणसाशी फोनवर बोलत होते.

"मी सरळ इचारतेय पोरी," आत्या म्हणाली. "मला शोकेन म्हनून बसवून ठिवलंय. मला न्हाई बसायचं."

इथं मी काय करायला हवं होतं यावर आमच्या नात्यातल्या प्रत्येकाचं मत आहे. कुणी मला विचारलं नसताना मी सांगते. जे केलं तेच करायला हवं होतं. मी म्हटलं, "एकच कूर आहे, आत्या. राइकी नाही."

तिनं हनुवटीनं बाटलीकडं दाखवलं. "आन् ह्यानं?"

"दोन-चार भाग वाढतील. पण सगळे साकुगा होकाईचे."

"सध्या कितवा चालू हाय?"

"निम्मे झाले."

तिनं डोळे मिटले. माझा हात तिच्या हातात होता आणि तिची पकड मशीन चालवून चालवून लोखंडासारखी झाली होती, ती मला दुखेपर्यंत आवळली गेली. काकांचा फोन संपला होता. ते हसले. "घ्या! हितं सलाईन चाललंय आन् ह्यांचं कार्टूनच." कोपरगावच्या पाहुण्यांनी विचारलं, कसलं कार्टून? काकूनं त्यांना वन्संचं याड सविस्तर सांगायला घेतलं. पाहुणेही हसले. खोलीभर माणसं हसत होती आणि पलंगावर एक बाई आपला मृत्यू ऐकून घेत होती. मला तेव्हा त्या नारळपाण्यासकट सगळ्यांना खिडकीतून बाहेर फेकावंसं वाटलं. मी काही फेकलं नाही. तिचा हात हातात होता.

थोड्या वेळानं आत्यानं डोळे उघडले आणि सिस्टरला म्हणाली, "बाई, ते लावू नका. मला घरी जायचंय."

काका उठलेच. "आगं, ताकदीचं हाय ते."

"हाय तेवढी ताकद बास हाय मला."

काकांनी समजावलं, मग दटावलं, मग वडिलांना पुढं केलं. वडील म्हणाले, थोरला म्हणतोय तर घे की. ती फक्त मान हलवत राहिली. शेवटी डॉक्टर आले. त्यांनी तिला विचारलं, नक्की नको? ती म्हणाली, "नक्की. दुखायच्या गोळ्या तेवढ्या चांगल्या द्या." डॉक्टरांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि काकांना म्हणाले, पेशंट नको म्हणत असतील तर मी लावणार नाही. डॉक्टरपुढं थोरलेपण चालत नाही.

येताना गाडीत पुढं काका आणि वडील, मागं मी आणि आत्या. राहुरीपर्यंत ती झोपल्यासारखी होती. मग मला हळूच म्हणाली, "ह्यांना सांगू नको मला कळलंय म्हनून. राहू दे ह्यांनाच शोकेन."

मी तिच्याशी तिथंच भांडले. कुजबुजत भांडायचं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, तुझ्याशी खोटं बोलणाऱ्यांना तू सांभाळत बसणार? उरलेले दिवस त्यांचं नाटक बघण्यात घालवणार? ती म्हणाली, "थोरल्याला सोसायचं न्हाई. आन् पोराचं लगीन हुतंय, हू दे." मी म्हटलं, तुझं काय? ती म्हणाली, "माझं मी बघते. मला आता कळलंय न्हवं, मग बास." मला तिचाही राग आला. मेल्यावरही उरला आहे थोडा. या घरात ज्याचं दुखतं त्यानंच बाकीच्यांना जपायचं, ही रीत तिनंही मोडली नाही, आणि ती मोडू शकणारी तीच एक होती.

पण बाकी तिनं जे ठरवलं ते केलं. घरी आल्यावर आठवडाभरात किमोचा त्रास ओसरला आणि ती मशीनवर बसली. शिवायचे राहिलेले ब्लाउज तिनं रोज थोडे थोडे शिवून संपवले. नवरीचा शालूवरचा ब्लाउजही तिनंच शिवला. ज्यांची नुसती कापडं येऊन पडली होती त्या बायकांना बोलावून घेतलं आणि कापडं परत दिली. मी त्या दिवसांत दुकानातून सुट्टी काढून तिच्याजवळ होते, म्हणून मी ऐकलं. ती प्रत्येकीला तेच सांगायची, आवाज न बदलता. "मला कॅन्सर हाय. आता माझ्यानं व्हायचं न्हाई. दुसऱ्या कुनाकडनं शिवून घे, पर बाही सैल ठिवायला सांग, तुझा दंड भरलाय. आन् आमच्या घरात बोलू नको, त्यांना वाटतंय मला ठावं न्हाई."

बायका रडायच्या. ती त्यांना रडू द्यायची, मग पाणी द्यायची. शेजारची खाला, जिच्या तीन पोरींचे सलवार-कुडते आत्यानं शिवले होते, रोज दुपारी तांदळाची पेज घेऊन येऊ लागली. दोघी दार पुढं करून बसायच्या. एकदा खाला म्हणाली, "कोंबडं झाकलं म्हनून काय उजाडायचं ऱ्हातंय का गं?" आत्या म्हणाली, "झाकू दे. त्यांचं कोंबडं हाय." आणि दोघी हसल्या. घराच्या एकाच खोलीत खरं बोललं जात होतं, आणि तिथं काकू डोकावली की दोघी पेजेत मीठ किती यावर बोलायच्या.

लग्न झालं. आत्या नवी साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन पुढच्या खुर्चीत बसली. काका सगळ्यांना सांगत होते, बघा, सलाईन सोडलं तरी ठणठणीत हाय. पंगतीत गावातल्या बायका तिच्याजवळ येऊन येऊन हात हातात घेत होत्या, एकेक जण उगाच जास्त वेळ. पुरुषांच्या हे लक्षात आलं नाही. त्यांच्या लक्षात यावं असं बायका कधी काय करतात, असं त्यांना वाटतं.

चैत्रात ऊन चढलं आणि नवीन हंगाम सुरू झाला. आत्या झोपूनच होती. मी मोबाईल तिच्या डोळ्यांसमोर धरायचे. चार-पाच मालिकांचे पहिले भाग तिनं बघितले, आणि म्हणाली, "एकबी धड न्हाई." सगळ्या टाकल्या. एका रविवारी दुपारी ती गेली. मी जवळ होते, खाला होती. काका रसवंतीवरून तिच्यासाठी रस आणायला गेले होते.

श्रद्धांजलीचा फ्लेक्स मीच करणार हे ठरलेलंच होतं. काकांनी मजकूर सांगितला. अल्पशा आजाराने दुःखद निधन. मी माऊसवरचा हात काढला. दुकानात रोज चार फ्लेक्सवर मी हे शब्द टाकते. हार्ट अटॅकला अल्पसा, अपघाताला अल्पसा, दारूला अल्पसा. मी म्हटलं, हे मी टाकणार नाही. काका म्हणाले, सगळेच टाकत्यात. मी फोटो टाकला, नातं टाकलं, आजाराची ओळ टाकलीच नाही. काकांना ते कळलं की नाही कुणास ठाऊक. फ्लेक्सवर त्यांनी फक्त आपलं नाव कुठं आहे ते बघितलं.

दहाव्याला प्रवरेच्या काठी गर्दी झाली. आमच्याकडं दहाव्याला माईक असतो. पिंडदान एकीकडं चालतं आणि दुसरीकडं माईकवरून गावातले पुढारी, पाहुणे, सोसायटीतले लोक मेलेल्या माणसाबद्दल बोलतात, त्या माणसाला ओळखत नसले तरी बोलतात. आत्याबद्दल एक पुढारी म्हणाले, त्यांनी शेवटपर्यंत कष्ट केले. ते तरी खरं होतं. शेवटी काकांनी माईक घेतला. ते म्हणाले, "आमी घरच्यांनी एक गोष्ट मातर केली. शेवटपर्यंत तिला काय कळू दिलं न्हाई. सुखात गेली माझी बहीन."

पुरुषांनी माना हलवल्या. बायकांच्या बाजूला मात्र काहीतरी झालं. एकीनं दुसरीकडं बघितलं, दुसरीनं तिसरीकडं. बेलापूरच्या, उक्कलगावच्या, आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या त्या बायकांनी आत्याच्या तोंडून ऐकलं होतं. कुणीतरी पदर तोंडाला लावला. मग एकेक जण माझ्याकडं बघायला लागली. इतक्या बायका एकदम गप्प झाल्या की माईकवरच्या माणसालाही ऐकू येतं.

घरी आल्यावर काकांनी मला पुढच्या खोलीत बोलावलं. खाला तिथं बसलेली होती, ती उठली नाही. काका म्हणाले, "त्या बायका एकमेकींकडं काय बघत हुत्या? मी बोलल्यावर? तिला काय कळलं हुतं का? तू हुतीस जवळ. खरं सांग."

"कळलं होतं," मी म्हटलं.

"कवा?"

"दवाखान्यात. तिनं विचारलं, मी सांगितलं. तुमच्यासमोर सांगितलं. तुम्ही हसलात."

काकांना ते आठवायला वेळ लागला. आठवलं तेव्हा त्यांनी हात टेकायला काहीतरी शोधलं आणि मशीनच्या कडेला धरून उभे राहिले. मला वाटलं आता माझ्यावर ओरडतील, शपथ मोडली म्हणून. मी तयारच होते. मनात महिनोन्महिने घोळवलेलं सगळं ओठावर आलं होतं.

"आन् ह्या बायकांना?" त्यांनी खालाकडं बघत विचारलं.

"मला तिनंच सांगितलं भाऊ," खाला म्हणाली. "समद्यांना सांगितलं तिनं."

"मग मला का न्हाई सांगितलं?" काका म्हणाले. त्यांचा आवाज चढत गेला. "सख्खा भाऊ हाय मी तिचा. सगळ्या गावाला ठावं आन् मला एकट्याला अंधारात ठिवलं? असं करतं का कुनी आपल्या मानसाला?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खरं होतं, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.